इथून इथंच तर जायचंय

पुण्यातल्या गाडी चालवण्यावर जेवढे विनोद व्हॉट्सॲपवर फिरतात, तेवढ्या पुणेरी पाट्याही फिरत नसतील. उजवा इंडिकेटर, डावीकडे हात आणि गाडी सरळ. लाल सिग्नल म्हणजे आज्ञा नव्हे, सूचना. पुण्यात गाडी शिकलेला माणूस चंद्रावरही चालवू शकतो. मुंबईकर हे विनोद पुढे पाठवतात आणि खाली लिहितात, 'आमच्याकडे असं नसतं बाबा.' खरं तर जवळपास प्रत्येक शहराला आपल्यापेक्षा वाईट गाडी चालवणारं एक शहर हाताशी लागतंच. त्याशिवाय आपलं बरं चाललंय असं वाटत नाही.

मी सदाशिव पेठेत वाढलो आणि गेली सात वर्षं नोकरीसाठी मुंबईत आहे. त्यामुळे दोन्हीकडचे टोमणे माझ्या वाट्याला येतात. मुंबईत ऑफिसात कुणी लेन तोडली की सगळे माझ्याकडे बघतात. पुण्यात गेलो की काका विचारतात, 'काय रे, अजून त्या रांगेतच उभा असतोस का?' आणि दोन्हीकडची चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: 'त्यांच्या रक्तातच आहे ते.'

मला इतिहास वाचायची खोड आहे. इतिहास वाचणाऱ्याला 'रक्तातच आहे' हे शब्द ऐकू आले की कान टवकारायची सवय लागते. रक्तात म्हणून जे सांगितलं जातं, ते पुष्कळदा पणजोबांच्या वेळीही नसतं. गाडी चालवण्याच्या सवयी तर नसणारच, कारण गाडीच मुळात तेवढी जुनी नाही.

आणि हा नुसता गमतीचा विषय नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. म्हणजे साधारण दर तीन मिनिटांना एक. त्यातली ७४,८९७ दुचाकीवर होती. हेल्मेट न घातल्यामुळे मेलेल्यांचा आकडा ५०,०२९. तुम्ही हा लेख वाचून संपवाल तोवर या हिशेबानं तीन माणसं गेलेली असतील. त्यामुळे ही सवय नक्की कुठून येते, हे एकदा नीट बघायला हवं.

साहेबाच्या रक्तातली शिस्त

सुरुवात लंडनपासून करू. कारण 'रक्तात शिस्त' म्हटलं की आपल्याला पहिला साहेबच आठवतो.

१७ ऑगस्ट १८९६ या दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई मोटारीखाली सापडून मेली. ब्रिटनमध्ये मोटारीनं पायी चालणाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली घटना मानली जाते. प्रदर्शनात लोकांना गाडीत बसवून चक्कर मारून आणत होते. गाडीचा वेग आजच्या हिशेबानं रांगण्याइतकाच. तरी ती बाई गोंधळून जागेवर उभी राहिली. चौकशीचा निकाल लागला: अपघाती मृत्यू.

१९०३ साली ब्रिटननं मोटारींसाठी कायदा केला. गाडीला नंबर आला, चालवणाऱ्याला लायसन्स आलं. पण हे लायसन्स पाच शिलिंग भरले की मिळायचं. परीक्षा वगैरे काही नाही. गाडी चालवता येते का, हे कुणी विचारतच नव्हतं. सक्तीची चाचणी आली १ जून १९३५ ला, म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी, १९३४ मध्ये, ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. तेव्हा तिथं वाहनं होती सुमारे २४ लाख.

आज तिथं वाहनं ४ कोटींच्या वर आहेत आणि वर्षाला मरणारी माणसं १,७०० च्या आसपास. माणसं तीच, किंवा त्यांचीच नातवंडं-पतवंडं. मग बदललं काय? १९३१ मध्ये रस्त्याच्या नियमांचं पुस्तक आलं. १९३५ मध्ये चाचणी आणि वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा आली. १९५१ मध्ये झेब्रा क्रॉसिंग, १९६७ मध्ये दारू प्यायलेला ड्रायव्हर पकडायचं श्वासाचं यंत्र, १९८३ मध्ये पुढच्या सीटवर पट्ट्याची सक्ती. दर वेळी तिकडेही लोक चिडले. सरकार आमच्या खासगी बाबतीत नाक खुपसतंय, असं तेही म्हणाले. म्हणजे ज्याला आपण साहेबाची शिस्त म्हणतो, ती जेमतेम नव्वद वर्षांची आहे आणि हप्त्याहप्त्यानं आलेली आहे.

पुणे: सायकलवरून थेट इंजिनावर

आता घरी येऊ.

पुण्याच्या पेठा पेशवाईत वाढल्या. तिथले रस्ते घोडा, पालखी आणि बैलगाडीच्या मापाचे. वाड्यातून वाड्यात आणि बोळातून बोळात जाणारी ही वस्ती सायकल आल्यावर सायकलला फारच सोयीची पडली. शाळा, कॉलेज, कचेरी, मंडई, लष्कर, खडकीचा कारखाना, सगळं पायडल मारत जाण्याच्या टप्प्यात. बघता बघता पुणं सायकलींचं शहर म्हणून प्रसिद्ध झालं.

जुन्या पुणेकरांना सायकलचा बिल्ला आठवतो. सायकलवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून हा बिल्ला सायकलला लावावा लागे. डबलसीटला मनाई होती. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचा. आणि पोलीस दिसला की मागचा टुणकन उडी मारून उतरायचा, पुढचा सायकल हातात धरून चालू लागायचा. पोलीस मागे पडला की दोघं पुन्हा स्वार. हा खेळ दोन्ही बाजूंना ठाऊक होता.

ही गोष्ट सगळे हसत सांगतात. मला मात्र त्यात एक अख्खी वाहतूक-संस्कृती दिसते. सायकलवाल्याचं एक वेगळं शास्त्र असतं. उतरला की तो पादचारी, बसला की वाहन. एकेरी रस्ता त्याला अडवत नाही, फूटपाथ अडवत नाही, बोळ अडवत नाही. आणि चूक झालीच तर शिक्षा काय? गुडघा खरचटतो. जवळपास सायकलीच असलेल्या रस्त्यावर हे शास्त्र चालून जातं. नियम नाही पाळला तरी एकमेकांकडे बघून, मान हलवून, घंटी वाजवून निभतं.

मग शहर पसरलं. पिंपरी-चिंचवडकडे कारखाने गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठची कितीतरी बिऱ्हाडं नव्या वसाहतींत राहायला गेली. घर आणि काम यांच्यातलं अंतर वाढलं. महापालिका १९५० साली झाली, पीएमटीच्या बसही त्याच वर्षीच्या. पण शहर ज्या वेगानं पसरलं, त्या वेगानं बस काही वाढली नाही. थांब्यावर अर्धा तास उभं राहण्याला कंटाळलेला, पूर्वी सायकल चालवणारा एक मोठा वर्ग तयार झाला.

या वर्गाला उत्तर मिळालं १९७२ साली. त्या एका वर्षात बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना अशा दोन गाड्या बाजारात आल्या. एक आकुर्डीची, दुसरी नगरची. चेतक इतकी हवीहवीशी होती की तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लूनाची गंमत वेगळी. ५० सीसीचं इंजिन आणि खाली चक्क पायडल! पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यावं. सायकलीतून मोटारसायकलीत जाणारी ही मधली पायरी होती. शिक्षक, विमा एजंट, गृहिणी, रिटायर आजोबा, सगळे तिच्यावर बसले. १९८४ मध्ये बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली आणि उरलेलेही बसले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं तर ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षापासून चालवायला दिली. आरटीओतल्या वाहनांची संख्या पुण्याच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी २०१८ मध्ये आली, त्यातल्या बहुतेक दुचाकीच होत्या.

मला वाटतं, इथंच सगळी मेख आहे. वाहन बदललं, पण चालवणाऱ्याच्या डोक्यातला नकाशा सायकलचाच राहिला. तोच बोळ, तोच फूटपाथ, तोच 'इथून इथंच तर जायचंय' हा हिशेब. आता फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता घ्या. दोन्ही एकेरी. शंभर मीटर मागे राहिलेल्या दुकानात जायचं तर अख्खा वळसा घालून या. मोटारीसाठी ही व्यवस्था ठीक आहे. पण ज्याचे आईवडील याच रस्त्यांवर सायकलीनं मनाला येईल तसे वळत होते, त्याला हा वळसा अन्याय वाटतो. मग तो गाडी उलटी घालतो, अगदी कडेकडेनं, दिवा लावून, जणू आपण कुणाला त्रासच देत नाही आहोत अशा थाटात. सायकलवर यात गुडघा फुटत होता. ताशी चाळीसच्या वेगानं डोकं फुटतं.

हेल्मेटचा वादही याच नकाशातून येतो. हेल्मेटची सक्ती १९८८ च्या कायद्यातच आहे. पण पुण्यात जेव्हा जेव्हा पोलिसांनी ती मनावर घेतली, तेव्हा तेव्हा विरोध झाला. हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती नावाची संघटना असणारं हे शहर आहे. २०१९ च्या जानेवारीत कारवाई सुरू झाली, तेव्हाही लोक रस्त्यावर आले. मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात, हेल्मेट ठेवायचं कुठं, आणि सगळ्यात मोठा मुद्दा: शहरात कुठं एवढा वेग असतो?

हा शेवटचा मुद्दा आमच्या काकांचा लाडका. चाळीस वर्षं त्यांनी दुचाकी चालवली, कधी पडले नाहीत.

'अरे, मंडईत जायला कसलं हेल्मेट? वीसच्या वर गाडी जाते का तिथं?'

'काका, तुमची नाही जात. समोरून टेम्पो येतो त्याचं काय?'

'तो दिसतो ना मला!'

काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यातल्या रस्त्यावर तो दिसतोच. त्या रस्त्यावर सगळे एकमेकांना दिसत होते, ओळखतही होते. पण आज मंडईपर्यंत जाताना काका ज्या रस्त्यानं जातात, तो त्या रस्त्याच्या जागेवर असला तरी तो रस्ता राहिलेला नाही. माझ्या कॉलेजमधला एक मुलगा घरापासून दोन चौकांवर गेला. दूध आणायला निघाला होता. हेल्मेट घरातच, दारामागच्या खुंटीला होतं. त्याचा वेगही फार नव्हता, असं सगळे सांगत होते.

मुंबई: प्लेग, ट्राम आणि रांग

मग मुंबईला हे कसं जमलं? रक्तामुळे तर नक्कीच नाही, कारण निम्मी मुंबई बाहेरून आलेली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्या धक्क्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्ती फोडून त्यानं रुंद रस्ते काढले: प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड. हेतू शहरात हवा खेळवण्याचा होता. त्यात किती गरिबांची घरं गेली ही वेगळी आणि मोठी गोष्ट आहे. पण मोटारींची गर्दी होण्याआधीच दक्षिण मुंबईला मोटारीच्या मापाचे रस्ते मिळत गेले, हेही खरं.

दुसरी गोष्ट ट्राम. १८७४ मध्ये घोड्यांची, १९०७ मध्ये विजेची. ती १९६४ पर्यंत चालली. ट्राम रुळावरून जाते, ती कुणासाठी बाजूला होत नाही. तिच्या रेषेचा मान राखून बाकीच्यांना आपापली रेषा धरावी लागते. लेन म्हणजे काय, हे मुंबईला रंगाच्या पट्ट्यांआधी रुळांनी शिकवलं असणार, असा माझा अंदाज आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लोकल होती, १९२६ पासून बस होती, टॅक्सी होती. त्यामुळे बहुतेक मुंबईकरांना स्वतःचं वाहन घ्यावंच लागलं नाही. रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस बराच काळ पगारी होता. बेस्टचा ड्रायव्हर, टॅक्सीवाला, साहेबाचा शोफर. लायसन्स गेलं तर त्याची रोजी जाणार. तो रेषेत चालवायचा, कारण त्याचं पोट त्यावर होतं. रिक्षाला वांद्रे आणि सायनच्या पुढे, शहरात, आजही परवानगी नाही. ज्याला आपण मुंबईची शिस्त म्हणतो, ती माझ्या मते व्यावसायिक ड्रायव्हरांची शिस्त आहे. बाकीचे तिच्या प्रवाहात वाहत आले.

याचा पुरावा हवा असेल तर कुठल्याही संध्याकाळी उपनगरात जा. स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर तोच मुंबईकर रिक्षातून उलट्या दिशेनं जातो, डबल पार्किंग करतो, झेब्रावर गाडी उभी करतो. जिथं ट्राम नव्हती, रुंद रस्ता नव्हता आणि बस पुरत नव्हती, तिथं मुंबईचं पुणं होतं.

आणि हॉर्न! ट्रकांच्या मागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंदी घातली. अरुंद, एकपदरी हायवेवर ओव्हरटेक करायचं तर हॉर्न द्यावाच लागे, ही त्या पाटीमागची गरज. हायवे रुंद झाले, पण हात हॉर्नवरच राहिला. मग मुंबई पोलिसांनी काही सिग्नलवर एक प्रयोग केला. २०२० च्या जानेवारीअखेर त्याचा व्हिडिओ आला. लाल दिवा लागलेला असताना आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. वाजवा अजून, थांबा अजून. लोक हसले, पण त्या चौकात काही क्षण तरी आपल्या हॉर्नची किंमत आपल्याच घड्याळात दिसली.

तेच १९७२, दुसरीकडे

पुण्यात चेतक आणि लूना आल्या त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे.

आज आपण ॲमस्टरडॅमचे फोटो बघून म्हणतो, 'त्यांच्या रक्तातच सायकल आहे.' पण १९७० च्या आसपास तिथंही सायकली मागे पडत होत्या आणि गाड्या सुसाट सुटल्या होत्या. १९७१ मध्ये एक कोटी तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या त्या देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. त्यांतली एक विक लांगेनहोफ या पत्रकाराची शाळकरी मुलगी. १९७२ मध्ये त्यानं लेख लिहिला. मथळा होता 'बालहत्या थांबवा'. मथळ्यात 'अपघात' हा शब्द नव्हता. त्या मथळ्याच्याच नावानं चळवळ उभी राहिली. आईबाप आणि मुलं रस्त्यावर उतरली, रस्ते अडवून तिथं खेळली. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि लोकांना रिकामा रस्ता कसा असतो ते दिसलं.

त्यानंतर त्या देशानं ड्रायव्हरांना नुसते उपदेश केले नाहीत, रस्ता बदलला. डेल्फ्टसारख्या शहरांत वस्तीतले रस्ते मुद्दाम वाकडे केले, मधे झाडं लावली, जेणेकरून गाडीला वेग घेताच येऊ नये. अशा रस्त्यावर मुलांचा हक्क पहिला, हे १९७६ मध्ये कायद्यात आलं. ड्रायव्हर चांगला असो की वाईट, तिथं त्याला हळूच जावं लागतं.

दुसरं शहर कोलंबियाचं बोगोटा. त्याची परिस्थिती आपल्याला जास्त जवळची: गर्दी, गरिबी, लाचखोर वाहतूक पोलीस. १९९५ मध्ये आंतानास मॉकुस नावाचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक तिथं महापौर झाला. त्यानं चौकाचौकात मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रावर गाडी घालणाऱ्याची ते नक्कल करायचे आणि सगळा चौक हसायचा. लोकांना त्यानं कार्डं वाटली, अंगठा वर आणि अंगठा खाली. कुणी नीट चालवली तर शाबासकीचं कार्ड दाखवा, नाही तर दुसरं. जिथं पादचारी मेले होते, त्या जागी रस्त्यावर तारे रंगवले. साधारण दहा वर्षांत तिथले अपघाती मृत्यू वर्षाला १,३०० वरून ६०० च्या आसपास आले. मॉकुसचं म्हणणं साधं होतं: माणूस दंडापेक्षा चारचौघांत हसं होण्याला जास्त घाबरतो.

हे वाचताना मला आपले विनोद आठवले. आपणही हसतोच की. फक्त आपलं हसणं उलट्या बाजूनं आहे. बोगोटात उलटा घुसणारा एकटा पडायचा आणि बाकीचे हसायचे. आपल्याकडे उलटा घुसणारा विनोदाचा नायक होतो. 'शेवटी पुणेकर!' म्हणून त्याला टाळी मिळते.

मग काय करायचं

पुण्यानं प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. २००६ मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका देणारी बीआरटी देशात पहिल्यांदा इथंच सुरू झाली. तिचं पुढे काय झालं, ते सातारा रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको. पण जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला, तेव्हा तिथं लोक बसू लागले, पोरं खेळू लागली. २०२२ मध्ये मेट्रो आली. मुंबईला जे लोकल आणि बेस्टनं दिलं, ते म्हणजे गाडी न काढण्याची सोय. पुण्याला ती मिळायला नुकती सुरुवात झाली आहे.

सवयीला इतिहास असतो हे कळलं की दोन गोष्टी होतात. एक, 'रक्तातच आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत. साहेबाचं बदललं, डच माणसाचं बदललं, बोगोटावाल्याचं बदललं, तर आपल्या रक्तात असं काय वेगळं आहे? दुसरं, सगळा दोष एकट्या चालवणाऱ्यावर टाकून नगरसेवकाला, अभियंत्याला आणि आरटीओला मोकळं सोडता येत नाही. बस वेळेवर का येत नाही, हाही हेल्मेटइतकाच वाहतूक-सुरक्षेचा प्रश्न आहे. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला तो विचारायला हवा.

पण रस्ते बदलायला वर्षं लागतात. ब्रिटनला नव्वद लागली, डचांना पन्नास. तेवढा वेळ आपल्यापैकी प्रत्येकाकडे असेलच असं नाही. दर तीन मिनिटांना एकाचा तो संपतो. तेव्हा तोवर गाडी उलटी घालायची नाही, वळसा घालून यायचं. आणि हेल्मेट. मंडईत जायचं असलं तरी.